मूळ चित्र सांभाळून : इंकस्केपमधल्या चित्रांच्या एक्स्टेन्शन्सविषयी

इंकस्केप हे रेषांचं सॉफ्टवेअर. पण त्यात निव्वळ रेषांचंच काम करणारा माणूस क्वचित भेटतो. लग्नपत्रिका करणाऱ्याला गणपतीचं चित्र लागतं, पाठ्यपुस्तकाची आकृती काढणाऱ्याला सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो लागतो, नकाशा करणाऱ्याला स्कॅन केलेला जुना नकाशा, आणि रेडियम कापणाऱ्याला गिऱ्हाइकाने मोबाइलवर पाठवलेला लोगो. रेषांच्या फाइलीत पिक्सेलचं चित्र आलं की अडचणींना सुरुवात होते. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की फोटो गायब. फोटो आलाच तर फाइल इतकी जड, की एखादी वस्तू जरा सरकवायची म्हटलं तरी पडदा अडकतो. आणि सगळं जमून छापून आलं तर फोटो फुटलेला. डीटीपीच्या कोणत्याही दुकानात या तीन तक्रारी ऐकू येतात, आणि तिन्हींची मुळं एकाच ठिकाणी जातात: चित्र फाइलीत नेमकं कोणत्या रूपात आहे, हे काम करणाऱ्याला ठाऊक नसतं.

ते ठाऊक व्हावं म्हणून हे पुस्तक लिहिलं. विषय वरवर पाहता छोटा आहे. इंकस्केपला जोडून चालणारे जे लहान लहान प्रोग्राम आहेत, ज्यांना सगळे एक्स्टेन्शन्स म्हणतात, त्यांतले चित्रांशी संबंधित कोणते, ते काय करतात आणि कधी वापरावेत. पण निव्वळ बटणांची यादी देऊन माझं समाधान झालं नसतं. यादी इंटरनेटवर मिळते आणि पुढच्या आवृत्तीत बदलते. या पुस्तकात प्रत्येक एक्स्टेन्शनला मी एकच प्रश्न विचारला आहे: हे चालवल्यावर मूळ चित्राचं काय होतं? ते जसंच्या तसं राहतं, झाकलं जातं, की कायमचं बदलतं? हा प्रश्न विचारायची सवय लागली की सॉफ्टवेअर कोणतंही असो, निम्म्या अडचणी मुळातच टळतात. इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडायला हवा. तिथे बटणांची नावं वेगळी आहेत, चित्रांची गत तीच आहे.

मग इंकस्केपच का निवडलं? ते फुकट मिळतं हे एक कारण, आणि आपल्याकडच्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला, गावातल्या छोट्या दुकानदाराला ते कारण पुरेसं आहे. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण म्हणजे इंकस्केपमध्ये काही लपवलेलं नाही. त्याची फाइल साध्या मजकुराची असते आणि त्याची बहुतेक एक्स्टेन्शन्सही साध्या मजकुराची. दोन्ही उघडून वाचता येतात.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याच्या खुणा आजही आपल्या फाइलींत सापडतात. राफ लेव्हियन यांनी जीनोमसाठी गिल नावाचा एक चित्रकारीचा प्रोग्राम सुरू केला होता. त्यावरून लौरिस काप्लिन्स्की यांनी सोडिपोडी उभं केलं. 2003 साली सोडिपोडीवर काम करणारे चौघे वेगळे झाले आणि त्यांनी इंकस्केप सुरू केलं. एसव्हीजी या मानकाला पूर्णपणे धरून राहायचं हा त्यांचा आग्रह होता. हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने 2001 च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलं होतं. इंकस्केपची 1.0 ही आवृत्ती यायला मात्र 2020 चा मे महिना उजाडला. इतकी वर्षं शून्यापुढच्या अपूर्णांकातच आवृत्त्या निघत राहिल्या, आणि तरीही जगभर लोकांनी त्यावर पोट भरण्याचं काम केलं.

आता एक प्रयोग करा. इंकस्केपमध्ये नवी फाइल घ्या, तिच्यात एक फोटो आणा. आणताना इंकस्केप विचारतं, चित्र एम्बेड करू की लिंक? लिंक निवडा, फाइल साठवा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. घाबरण्यासारखं काही नाही. कंसांच्या खुणांमध्ये लिहिलेल्या ओळी दिसतील आणि त्यांत 'इमेज' नावाचा एक छोटा तुकडा सापडेल. त्यात चार आकडे असतात: चित्र डावीकडून किती अंतरावर, वरून किती, रुंदी किती, उंची किती. आणि त्यांच्याबरोबर एक पत्ता असतो. बस्स. फोटोतला एकही पिक्सेल या फाइलीत नाही. फोटो त्याच्या फोल्डरमध्ये आहे तिथेच आहे, इंकस्केप फाइल उघडताना दर वेळी तिथे जाऊन तो पाहून येतं. तुम्ही फक्त एसव्हीजी फाइल पेन ड्राइव्हवर घालून छापखान्यात नेली, तर तिथल्या संगणकावर तो पत्ता कुठेच पोहोचत नाही. फोटोच्या जागी 'लिंक केलेलं चित्र सापडलं नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी दिसते. विंडोजवर केलेली फाइल लिनक्सवर उघडताना तर नावातलं एक अक्षर मोठ्या लिपीत आणि एक लहान लिपीत, एवढ्यावरूनही फोटो हरवतो.

त्याच तुकड्यात कित्येकदा आणखी एक पत्ता दिसतो, ज्याच्या नावात अजूनही 'सोडिपोडी' हा शब्द आहे. मघाशी म्हटलेली खूण ती हीच. हा चित्राचा पूर्ण पत्ता असतो, ड्राइव्हच्या अक्षरापासून फोल्डरच्या नावापर्यंत. म्हणजे तुमच्या संगणकावरचं तुमचं नाव आणि तुम्ही फोल्डरला दिलेलं गिऱ्हाइकाचं नाव हे दोन्ही फाइलीबरोबर बाहेर जातं. फाइल कोणाला देण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आता तोच फोटो एम्बेड करून पाहा. नोटपॅडमध्ये त्याच ठिकाणी पत्त्याऐवजी अक्षरांचं न संपणारं रान दिसेल. पीएनजी चित्र असेल तर ते रान आय, व्ही, बी, ओ, आर या अक्षरांनी सुरू होतं; जेपीईजी असेल तर तिरकी रेघ, 9, जे आणि पुन्हा तिरकी रेघ. हा फोटोच आहे, फक्त अक्षरांत लिहिलेला. या पद्धतीला बेस 64 म्हणतात. तिच्यात चित्राच्या दर तीन बाइटमागे चार अक्षरं लिहिली जातात, म्हणून 3 एमबीचा फोटो फाइलीत शिरला की 4 एमबी होतो. फोटो आता फाइलीपासून सुटत नाही, हा फायदा. फाइल फुगते, हा तोटा. आणि एकच लोगो आठ ठिकाणी वेगवेगळा आणून चिकटवला, तर तो आठ वेळा लिहिला जातो. एकदा आणून त्याचे क्लोन केले तर एकदाच.

कोणतं केव्हा? माझं मत असं की काम चालू असताना लिंक, आणि काम हातावेगळं करताना एम्बेड. काम चालू असताना फोटो अजून बदलणार असतो. गिम्पमध्ये त्याचा उजेड दुरुस्त केला की लिंकमुळे तो इंकस्केपमध्येही आपोआप दुरुस्त होतो. पण फाइल वेबसाइटवर टाकायची असेल, तर एम्बेड केल्यावाचून गत्यंतर नाही. वेबपानावर चित्र म्हणून लावलेल्या एसव्हीजीच्या आतले बाहेरचे पत्ते ब्राउझर सुरक्षेसाठी उघडतच नाही. मराठी विकिपीडियासाठी नकाशे आणि आकृत्या करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आणि तिथलीच दुसरी बाजूही. विकिमीडिया कॉमन्सवर आत निव्वळ फोटो कोंबलेल्या एसव्हीजी फाइलींवर तशी सूचना लावली जाते, आणि ते योग्यच आहे. फोटोला एसव्हीजीचं नाव दिल्याने तो कितीही मोठा करता येईल असा होत नाही.

इंकस्केपच्या एक्स्टेन्शन्स मेनूत 'इमेजेस' नावाचा गट आहे. त्यात चित्रं एम्बेड करणारं, एम्बेड झालेलं चित्र पुन्हा बाहेर काढणारं आणि चित्राचे गुणधर्म ठरवणारं अशी एक्स्टेन्शन्स आहेत. पहिल्या दोन प्रकरणांत यांचाच अभ्यास आहे, आणि तो एक्स्टेन्शनची पायथन फाइल समोर उघडी ठेवून केला आहे. एम्बेड करणारं एक्स्टेन्शन काही पानांत मावेल एवढं आहे. ते कागदपत्रातले सगळे इमेज तुकडे शोधतं. ज्यात आधीच अक्षरांचं रान आहे ते सोडून देतं. बाकीच्यांचा पत्ता वाचून फाइल शोधतं, सापडली नाही तर तसं सांगतं. सापडली तर तिच्या अगदी सुरुवातीचे काही बाइट पाहून ती पीएनजी आहे की जेपीईजी की आणखी काही हे ठरवतं. नावापुढे काय लावलंय यावर ते विश्वास ठेवत नाही. मग ते बाइट जसेच्या तसे अक्षरांत लिहितं. चित्र बाहेर काढणारं एक्स्टेन्शन हेच उलट करतं.

'जसेच्या तसे' या शब्दांवर मी मुद्दाम जोर देतो. एम्बेड करून पुन्हा बाहेर काढलेला फोटो आणि मूळ फोटो यांच्यात तिळमात्र फरक नसतो. म्हणून ही दोन एक्स्टेन्शन्स निर्धास्त वापरावीत. मूळ फोटो हरवलेल्या जुन्या कामांतून फोटो परत मिळवायचा असेल, तर दुसरं एक्स्टेन्शन हा पहिला उपाय. पडद्यावरून फोटो काढून किंवा पुन्हा एक्सपोर्ट करून तो 'वाचवणारे' लोक मी पाहिले आहेत. त्यात चित्राची प्रत उतरते, आणि गरज तर मुळीच नसते.

पण याच प्रामाणिकपणाची दुसरी बाजू आहे. जसाच्या तसा म्हणजे फोटोत दडलेल्या माहितीसकट. मोबाइलने काढलेल्या जेपीईजीत कॅमेऱ्याची, वेळेची, कधी कधी फोटो जिथे काढला त्या जागेच्या अक्षांश-रेखांशांची नोंद असते. ती नोंदही एम्बेड होते. शाळेच्या स्मरणिकेसाठी मुलांचे फोटो वापरताना ही माहिती आधी काढून टाकायला हवी. ती कशी काढायची हे तिसऱ्या प्रकरणात आहे.

इथून पुढे जाण्याआधी एक्स्टेन्शन चालतं कसं, हे सांगतो, कारण पुढच्या पुष्कळ गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या साधारण दोन फाइली असतात. एक आयएनएक्स, जिच्यात मेनूत कुठे दिसायचं, खिडकीत कोणती बटणं आणि कोणते रकाने असायचे एवढंच लिहिलेलं असतं. दुसरी पायथनची, जी खरं काम करते. तुम्ही 'अप्लाय' दाबलं की इंकस्केप तुमचं संपूर्ण कागदपत्र एका तात्पुरत्या फाइलीत लिहितं, तुम्ही निवडलेल्या वस्तूंची ओळख बरोबर देतं आणि पायथनला हाक मारतं. पायथन ते वाचून, बदलून, नवं कागदपत्र परत देतं. इंकस्केप ते जुन्याच्या जागी बसवतं. म्हणून एक्स्टेन्शनने कितीही उलथापालथ केली, तरी 'अनडू' एकाच पायरीत सगळं पूर्ववत करतं.

आणि म्हणूनच जड फाइलीत एक्स्टेन्शन्स रखडतात. तुम्हाला एका चौकोनाचा रंग बदलायचा असला, तरी फाइलीत 40 एमबीचे फोटो एम्बेड केलेले असतील तर ते सगळे आधी लिहिले जातात, वाचले जातात, परत लिहिले जातात. थेट प्रीव्ह्यू चालू ठेवला तर रकान्यातल्या प्रत्येक बदलागणिक. 'इंकस्केप हळू आहे' ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, फोटो किती मोठे आहेत? हल्लीच्या मोबाइलचा 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो पत्रिकेत दोन इंच रुंदीला बसवला, तर इंचाला 2000 पिक्सेल पडतात. चांगल्या छपाईला 300 पुरतात. त्या जागेला 600 बाय 450 चा फोटो पुरेसा होता, म्हणजे गरजेच्या सुमारे 44 पट पिक्सेल आपण वागवत बसलो. उलट दहा फुटी फ्लेक्सवर इंचाला 72 पिक्सेल धरले तरी रुंदीला 8640 पिक्सेल लागतात. तिथे हाच फोटो कमी पडेल. आणि तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला असेल, तर तो आधीच लहान होऊन आलेला असतो. गिऱ्हाइकाला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. हे एक वाक्य दुकानाच्या भिंतीवर लावण्याच्या लायकीचं आहे.

रास्टर नावाच्या गटाबद्दल माझं मत मी पुस्तकात लपवलेलं नाही. या गटात धूसर करणं, कोळशाचं चित्र केल्यासारखं दाखवणं, उजेड-काळोख बदलणं अशी बरीच एक्स्टेन्शन्स आहेत. ती पायथनची नाहीत. इमेजमॅजिक या 1987 पासून चालत आलेल्या प्रसिद्ध प्रोग्रामची ताकद त्यांच्यामागे आहे. ताकद खरी आहे, पण ती थेट पिक्सेलवर चालते. चित्र लिंक केलेलं असलं तरी बदललेलं चित्र फाइलीत एम्बेड होतं आणि मूळ चित्राशी नातं तुटतं. फाइल साठवून बंद केली की मागे फिरायची वाट नाही. आता त्याच्या शेजारी फिल्टर्स हा मेनू पाहा. तिथेही धूसर करता येतं, रंग बदलता येतात. पण फिल्टर चित्राला हात लावत नाही. 'हे चित्र दाखवताना इतकं धूसर करून दाखव' एवढी सूचना फाइलीत लिहितो. वर्षाने फाइल उघडली तरी ती सूचना पुसून मूळ चित्र जसं होतं तसं मिळतं. म्हणून जे काम फिल्टरने होतं ते फिल्टरने करावं, आणि जे त्याने होत नाही ते गिम्पमध्ये, मूळ फोटोच्या वेगळ्या प्रतीवर. रास्टर गट मी शिकवला आहे, पण त्याची शिफारस केलेली नाही.

क्लिप या साधनाविषयीचा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याला वेगळं प्रकरण द्यावं लागलं. फोटोवर गोल काढला, दोन्ही निवडून क्लिप लावली, की फोटो गोल दिसतो. बाहेरचा भाग गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो, नुसता दिसेनासा झालेला असतो. क्लिप सोडली की पूर्ण फोटो समोर येतो, आणि चित्र बाहेर काढणारं एक्स्टेन्शन चालवलं की तो पूर्णच बाहेर येतो. पासपोर्ट आकाराच्या फोटोच्या बाबतीत याने फार बिघडत नाही. पण ओळखपत्राच्या स्कॅनमधला क्रमांक क्लिपने झाकून ती एसव्हीजी कोणाला दिली, तर क्रमांकही दिला असं समजावं. त्यावर काळा चौकोन ठेवला तरी तेच; चौकोन उचलला की क्रमांक खाली आहेच. अशा वेळी चित्र खरोखर कापलं पाहिजे. अलीकडच्या आवृत्त्यांत क्लिपप्रमाणे चित्र कापून टाकायची सोय उजव्या क्लिकच्या मेनूत आली आहे. ती नसेल तर बिटमॅप प्रत काढावी आणि मूळ चित्र फाइलीतून काढून टाकावं. मूळ चित्र राखावं असं सांगणारं हे पुस्तक एवढ्या एका ठिकाणी उलट सांगतं: दुसऱ्याची खाजगी माहिती असेल तिथे बाहेर जाणाऱ्या फाइलीत मूळ चित्र अजिबात राहू देऊ नका.

पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण ट्रेसिंगचं आहे. ट्रेस बिटमॅप हे काटेकोरपणे पाहिलं तर एक्स्टेन्शन नाही, ते इंकस्केपच्या पाथ मेनूतच बसलेलं आहे. पण रेडियमवाला, स्क्रीन प्रिंटिंगवाला, एम्ब्रॉयडरीवाला, सगळे इंकस्केपकडे येतात ते मुख्यतः त्यासाठी. कटिंग प्लॉटरला पिक्सेल कळत नाहीत, त्याला पात्याने कुठून कुठे जायचं ती रेषा हवी असते. एम्ब्रॉयडरीसाठी इंक/स्टिच नावाचं बाहेरचं मोफत एक्स्टेन्शन आहे, त्यालाही टाके घालायला आधी रेषा लागते.

ट्रेसिंगच्या मागे पोट्रेस नावाचा प्रोग्राम आहे. तो गणिताचे प्राध्यापक पीटर सेलिंगर यांनी लिहिला आणि 2003 मध्ये त्याची पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. तो फक्त काळं आणि पांढरं ओळखतो. काळ्या डागांच्या कडेने फिरून आधी एक बहुभुज आकृती ठरवतो, मग तिच्या प्रत्येक कोपऱ्यापाशी थांबून हा खरा कोपरा आहे की वळण, याचा निर्णय करतो. हा निर्णय कसा होतो हे कळलं की खिडकीतले तीन-चार आकडे एकदम बोलके होतात.

उदाहरण म्हणून बोरूने कागदावर लिहिलेला 'श्री' घेऊ. स्कॅन केला, इंकस्केपमध्ये आणला, ट्रेसची खिडकी उघडली. उजेडाची मर्यादा आधीपासून 0.450 असते. ती वाढवली की फिकट करड्या कडाही काळ्यात धरल्या जातात, अक्षर जाड होतं आणि 'श्र'च्या गाठीतली पांढरी जागा बुजते. कमी केली की शाई जिथे विरळ उतरली होती तिथे वेलांटी तुटते. योग्य आकडा प्रत्येक स्कॅनला वेगळा असतो. गाठ मोकळी आणि वेलांटी अखंड, हे दोन्ही एकाच वेळी जिथे दिसेल तिथे थांबावं. मग ठिपके काढण्याचा रकाना. स्कॅनरच्या काचेवरची धूळ घालवायला तो उपयोगी, पण तो आकारच पाहतो, अर्थ पाहत नाही. छोट्या अक्षरांच्या स्कॅनवर आकडा फार वाढवला तर धुळीबरोबर अनुस्वारही जातात आणि 'नंदी'ची 'नदी' होते. मजकूर ट्रेस केल्यावर तो मूळ प्रतीशेजारी ठेवून एकेक अक्षर वाचून पाहावं, असा नियमच करावा.

तिसरा रकाना कोपरे गुळगुळीत करण्याचा, आणि देवनागरी सुलेखनाच्या दृष्टीने तो सगळ्यात महत्त्वाचा. त्याचा नेहमीचा आकडा 1.0. लॅटिन लिपीतल्या गोलसर लोगोला तो शोभतो. पण बोरूच्या तिरक्या कापामुळे आपल्या अक्षरांच्या टोकांना जी धार येते, शिरोरेषा जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे जो तिरका छेद दिसतो, तो या आकड्यावर बोथट होण्याची भीती असते. आकडा खाली आणला की छेद परत येतात, फार खाली आणला की वळणंही कोनदार होतात, आणि शून्यावर सगळं अक्षर सरळ रेषांचं होऊन बसतं. यावर स्कॅन मोठ्या रिझोल्यूशनला करणं हा खरा इलाज आहे. 600 ला स्कॅन केलेल्या अक्षराच्या टोकापाशी प्रोग्रामला निर्णय घ्यायला पुरेसे पिक्सेल मिळतात. आकड्यांशी झटापट करण्यापेक्षा पुन्हा स्कॅन करायला लागणारी पाच मिनिटं सत्कारणी लागतात.

एका रेषेने काढलेल्या आराखड्यांसाठी 1.0 पासून सेंटरलाइन ट्रेसिंग आलं आहे. पोट्रेस प्रत्येक रेघेला दोन कडा काढतो, हे मधोमध एकच रेषा काढतं. खोदकामाच्या लेझर मशीनवर किंवा पेन-प्लॉटरवर काम करणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो.

फोटोचं ट्रेसिंग करू नये, असं माझं स्पष्ट सांगणं आहे. माणसाच्या चेहऱ्याचा फोटो रंगांच्या थरांत ट्रेस केला की हजारो नोड तयार होतात, फाइल मूळ फोटोपेक्षा जड होते, आणि चेहरा तेवढा जिवंत राहत नाही. फुटलेला फोटो ट्रेस केल्याने स्वच्छ होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. फोटोत जो तपशील नाही तो कोणताही ट्रेस आणून देत नाही. चांगला फोटो मागून घ्यावा.

बाहेरची एक्स्टेन्शन्स वापरणाऱ्यांना दोन सूचना. 0.92 साठी लिहिलेली कित्येक एक्स्टेन्शन्स 1.0 नंतर चालत नाहीत, कारण त्या वेळी त्यांच्या पायथनच्या पायाचीच पुनर्रचना झाली. ती आणण्याआधी कोणत्या आवृत्तीसाठी आहेत हे पाहावं. आणि एक्स्टेन्शन हा तुमच्या संगणकावर तुमच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम असतो. तो चित्र बदलू शकतो तशा इतर फाइलीही वाचू किंवा पुसू शकतो. म्हणून ती इंकस्केपच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा लेखकाच्या माहीत असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावीत. प्रेफरन्सेसमधल्या सिस्टिम या भागात तुमच्या एक्स्टेन्शन्सचं फोल्डर दाखवलेलं असतं. दोन्ही फाइली तिथे ठेवायच्या, इंकस्केप बंद करून पुन्हा सुरू करायचं, की झालं.

छपाईच्या चार रंगांचा प्रश्न या पुस्तकात मी सोडवलेला नाही. इंकस्केप मुख्यतः पडद्याच्या रंगांत काम करतं. ऑफसेटला जाणारं काम स्क्रायबसमधून नेणं हा आजचा व्यवहार्य मार्ग, आणि तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. इंकस्केपची अगदी पहिली ओळखही इथे नाही. ती हवी असेल त्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातली इंकस्केपची पाठमाला आधी करावी. ती मोफत आहे आणि स्वतःच्या वेगाने शिकता येते.

ज्यांना पायथन येत नाही त्यांनी एक्स्टेन्शन्सच्या फाइली उघडण्याचा भाग गाळू नये, अशी माझी विनंती आहे. तिथे प्रोग्रामिंग शिकवलेलं नाही. कोणती ओळ चित्र वाचते आणि कोणती ते परत लिहिते, एवढंच बोट ठेवून दाखवलं आहे. ते एकदा पाहिलं की पुढे नवं एक्स्टेन्शन हातात आलं तर त्याच्या नावावरून किंवा जाहिरातीवरून मत बनवावं लागत नाही.

आणि पहिल्या प्रकरणाला हात घालण्यापूर्वी एवढं करा. चालू कामाच्या फोल्डरमध्ये 'मूळ' नावाचं एक फोल्डर काढा, या कामात येणारे सगळे फोटो आणि स्कॅन त्यात टाका, आणि त्यातली कोणतीही फाइल थेट उघडून बदलू नका. पुस्तकातले सगळे प्रयोग त्यांच्या प्रतींवर करायचे आहेत.